ठाण्याची आगगाडी आणि एका शिक्षकाचा निबंध

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची एक गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ठाण्याकडे निघाली. २१ तोफांची सलामी झाली आणि वाफेच्या तीन इंजिनांनी मिळून ती गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला नेली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत खुला झाला. ठाणे-कल्याण परिसरात शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांना ही हकिकत ठाऊक असते आणि इतिहासाच्या तासाला ती सांगितलीही जाते.

विज्ञानाच्या तासाला याच गाडीबद्दल एक वेगळा प्रश्न विचारता येईल. पाणी उकळले, त्याची वाफ सिलिंडरमध्ये गेली, वाफेने दट्ट्या ढकलला आणि चाके फिरली, इथपर्यंत सारे सोपे आहे. पण वाफ दट्ट्याला ढकलते ती का? वाफेला हात नाहीत, पाय नाहीत. तिच्यात असे काय आहे की ज्यामुळे टनावारी वजनाची गाडी हलावी?

१८५३ साली हा प्रश्न गाडीच्या इंजिनीयरला विचारला असता तर 'वाफेत प्रसरण पावण्याची शक्ती असते' असे उत्तर मिळाले असते. म्हणजे प्रश्नच उलटा करून परत मिळाला असता. या प्रश्नाचे खरे उत्तर देऊ शकेल असा एक माणूस मात्र त्याच काळात मुंबईतच राहत होता. आपले उत्तर त्याने सात वर्षांपूर्वीच गणितासह लिहून लंडनला पाठवले होते. तो निबंध लंडनमध्ये एका कपाटात पडून होता आणि पुढे आणखी ३८ वर्षे तसाच पडून राहणार होता. या माणसाचे नाव जॉन जेम्स वॉटरस्टन. व्यवसायाने तो शिक्षक होता.

आमची एक चुकीची उपमा

वॉटरस्टनकडे वळण्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगायला हवी, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका शाळेत शिक्षकांसाठी रविवारचा वर्ग होता. विषय होता वायूंचे गुणधर्म. आमचे काम प्रयोगशाळेतले, शाळेत शिकवण्याची सवय कमी. तेव्हा समोरच्या मंडळींना पटकन समजावे म्हणून आम्ही त्यांच्या रोजच्या अनुभवातली उपमा दिली. आम्ही म्हणालो, "सकाळची जलद लोकल आठवा. डबा गच्च भरलेला असतो, माणसे एकमेकांना रेटत असतात, दाराशी उभ्या असलेल्या माणसावर आतून दाब येतो. वायूचा दाब असाच."

सर्वांनी हसून माना डोलावल्या. चहाच्या वेळी मात्र एक बाई आमच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, मीही वर्गात हीच लोकलची उपमा देते. पण परवा नववीतल्या एका मुलीने विचारलं, 'बाई, गर्दीत रेटून रेटून माणसं थकतात. मग सायकलच्या ट्यूबमधले रेणू थकत कसे नाहीत?' मी म्हटलं, रेणूंना जीव नसतो, ते कसे थकतील? तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही."

आम्हीही तेव्हा काहीतरी घाईघाईने सांगून वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता. चुकली होती ती आमची उपमा. आणि ही चूक केवळ आमची नाही, तिला जवळजवळ दोनशे वर्षांची थोर परंपरा आहे.

लोकरीचा गठ्ठा आणि न्यूटनचे कण

हवा दाबली की ती उलट दाबते हे १६६० च्या सुमारास रॉबर्ट बॉईलने पाहिले. वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून त्याने अडकलेल्या हवेचे आकारमान मोजले आणि १६६२ साली निष्कर्ष मांडला: तापमान तेच राहिले तर आकारमान निम्मे होताच दाब दुप्पट होतो. आपण शिकवतो तो बॉईलचा नियम हाच. हे असे का होते, हे सांगताना बॉईलने लोकरीच्या गठ्ठ्याची उपमा दिली होती. लोकर दाबली की दबते, सोडली की फुगते. हवेचे कणही तसेच, एकावर एक रचलेल्या बारीक स्प्रिंगांसारखे असतील.

१६८७ साली न्यूटनने या कल्पनेला गणित दिले. हवेचे कण एकमेकांना दूर लोटतात आणि लगतच्या दोन कणांमधले अंतर निम्मे झाले की लोटण्याचे बल दुप्पट होते असे मानले, तर बॉईलचा नियम बरोबर निघतो हे त्याने दाखवले. कण खरोखर असे वागतात की नाही, हा प्रश्न त्याने मोकळा ठेवला होता. पण न्यूटनचे नाव एवढे मोठे की पुढच्या पिढ्यांनी ते सिद्ध झाल्यासारखेच धरले. कण आपापल्या जागी उभे आहेत आणि एकमेकांना रेटत आहेत, हे चित्र विद्वानांच्या मनात पक्के बसले. आमच्या लोकलच्या डब्याचे चित्र त्याच घराण्यातले.

याला पर्याय सुचलाच नव्हता असे नाही. १७३८ साली डॅनियल बर्नोलीने आपल्या द्रवगतिशास्त्रावरील ग्रंथात लिहिले की हवेचे कण सतत इकडून तिकडे धावत असतात आणि त्यांच्या असंख्य टकरांचा परिणाम म्हणजेच दाब. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८२० साली जॉन हेरापथने रॉयल सोसायटीकडे असाच निबंध पाठवला. तोही नाकारला गेला. हेरापथच्या मांडणीत दोष होते, तापमान हे कणांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात नसून वेगाच्या प्रमाणात असते असे त्याने धरले होते. पुढे हा हेरापथ इंग्लंडमध्ये रेल्वेविषयक मासिकाचा संपादक झाला, हा एक योगायोग.

मुंबईतला नौकाशिक्षक

वॉटरस्टनचा जन्म १८११ सालचा, एडिंबरोचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने गुरुत्वाकर्षणावर एक लेख लिहिला, त्यातही टकरा घेणारे सूक्ष्म कण होतेच. शिक्षणानंतर लंडनला येऊन त्याने रेल्वेमार्गांच्या पाहणीचे काम केले, मग आरमाराच्या जलालेखन खात्यात नोकरी केली. तिथल्या प्रमुखाच्या, म्हणजे वाऱ्याच्या वेगाची श्रेणी ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या ब्यूफर्टच्या, पाठिंब्याने त्याला १८३९ साली मुंबईत नेमणूक मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक दलातील उमेदवारांना शिकवायचे, हे त्याचे काम. १८५७ पर्यंत तो इथेच होता.

त्या वेळची मुंबई विज्ञानाला पारखी नव्हती. कुलाब्याची वेधशाळा होती, एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि विज्ञान शिकवले जात होते. बाळशास्त्री जांभेकर १८४० पासून 'दिग्दर्शन' मासिकातून मराठी वाचकांना नवे ज्ञान देत होते. पण युरोपातल्या पत्रव्यवहाराला आठवडेच्या आठवडे लागत. शिकवून उरलेल्या वेळात वॉटरस्टन एकट्याने विचार करीत राहिला. १८४३ साली एडिंबरोत त्याचे एक निनावी पुस्तक निघाले. त्यात वायूंविषयीचे हे विचार प्रथम आले, पण पुस्तक होते मनोव्यापारांवर, त्यामुळे भौतिकशास्त्रज्ञांपैकी कोणी ते उघडण्याचे कारण नव्हते. मग त्याने सविस्तर निबंध लिहिला. डिसेंबर १८४५ मध्ये तो रॉयल सोसायटीकडे पोहोचला. विषय होता: मुक्त, पूर्णपणे स्थितिस्थापक आणि सतत गतिमान अशा रेणूंनी बनलेल्या माध्यमांचे भौतिकशास्त्र.

निबंधात एक सुंदर उपमा आहे. उन्हाच्या तिरिपेत चिलटांचा थवा नाचताना दिसतो, तशी वायूच्या अंतरंगाची अवस्था समजावी, असे वॉटरस्टन म्हणतो. चिलटे एकमेकांना रेटत नाहीत. त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा असते, आणि ती स्वस्थ मात्र कधीच नसतात.

ठाणे-कल्याण खेपा

चिलटांच्या या चित्रातून बॉईलचा नियम कसा निघतो? आपल्या परिसरातल्या मुलांसाठी आम्ही तो असा मांडतो.

समजा, ठाणे आणि कल्याण या दोन्ही टोकांना मजबूत बफर लावले आहेत आणि त्यांच्यामध्ये एकच गाडी सतत खेपा घालते आहे. ती मध्ये कुठेही थांबत नाही. बफरवर आदळली की तेवढ्याच वेगाने उलटी फिरते. ठाणे ते कल्याण अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. वेग ताशी ६० किलोमीटर धरला तर जायला २० मिनिटे आणि यायला २० मिनिटे, म्हणजे ठाण्याच्या बफरला दर ४० मिनिटांनी एक धक्का बसेल.

आता कल्याणचा बफर उचलून दिव्याला आणू. दिवा साधारण निम्म्या वाटेवर आहे, हिशेबासाठी अंतर १० किलोमीटर धरू. वेग तोच, गाडी तीच. आता ठाण्याला दर २० मिनिटांनी धक्का बसतो. प्रत्येक धक्का पूर्वीइतकाच जोराचा, पण तासातल्या धक्क्यांची संख्या दुप्पट. अंतर निम्मे, धक्के दुप्पट. हाच बॉईलचा नियम. गाडीने ठाण्याच्या बफरला सतत रेटून धरण्याची गरजच पडली नाही.

आता दुसरी पायरी. अंतर पुन्हा २० किलोमीटर करू, पण वेग ताशी १२० किलोमीटर करू. दोन गोष्टी घडतील. फेरी निम्म्या वेळात होईल म्हणून धक्के दुप्पट होतील, आणि गाडी दुप्पट वेगाने आदळते म्हणून प्रत्येक धक्काही दुप्पट जोराचा असेल. एकूण परिणाम चौपट. म्हणजे दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वॉटरस्टनने नेमके हेच ओळखले: वायूचा दाब त्याची घनता आणि रेणूंच्या वेगाच्या वर्गाची सरासरी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि तापमान म्हणजे याच वर्गाच्या सरासरीचे माप. बंद डब्यातली हवा तापवली की दाब वाढतो, कारण रेणू अधिक वेगाने आणि अधिक वेळा आदळतात.

वरच्या वर्गांसाठी हेच सूत्ररूपात सांगता येते. रेणू एका दिशेतच नव्हे तर तिन्ही मितींमध्ये धावतात, म्हणून एकतृतीयांश येतो:

दाब × आकारमान = १/३ × रेणूंची संख्या × एका रेणूचे वस्तुमान × वेगाच्या वर्गाची सरासरी

मुलांना यातून एक हिशेब जरूर करायला द्यावा. रेणूंची संख्या आणि वस्तुमान यांचा गुणाकार म्हणजे वायूचे एकूण वस्तुमान, म्हणून एका रेणूची काहीही माहिती नसताना त्याचा वेग काढता येतो. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १,०१,००० न्यूटन, हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम. दाबाच्या तिपटीला घनतेने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सेकंदाला सुमारे ५०० मीटर. वाटेत टक्कर झाली नाही तर हवेचा रेणू ठाण्याहून कल्याणला ४० सेकंदांत पोहोचेल!

वॉटरस्टन आणखी एक पाऊल पुढे गेला. दोन वायू एकत्र केले तर जड रेणू हळू आणि हलके रेणू वेगाने धावतील, ते अशा बेताने की वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार सरासरीने दोघांचाही सारखाच राहील. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या १६ पट जड, म्हणून हायड्रोजनचा वेग ऑक्सिजनच्या ४ पट. ऊर्जेच्या समान वाटपाचा जो नियम आज पदवीच्या वर्गात शिकवला जातो, त्याचे हे पहिले विधान. ते मुंबईत लिहिले गेले.

निबंधाचे काय झाले?

रॉयल सोसायटीने निबंध दोघा परीक्षकांकडे पाठवला. एक होता बेडन पॉवेल, ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक आणि पुढे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलचा पिता. दुसरा जॉन लबक, खगोल आणि भरती-ओहोटी यांचा अभ्यासक. दोघांपैकी एकाने लिहिले की वायूचा दाब रेणूंच्या गतीतून आणि टकरांतून येतो हे गृहीतकच मान्य होण्याजोगे नाही. दुसऱ्याने सारा निबंध म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला.

५ मार्च १८४६ च्या सभेत निबंध वाचल्याची नोंद झाली आणि छोटा सारांश छापला गेला. पूर्ण निबंध छापला नाहीच, शिवाय वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होत असल्याने तो परतही मिळाला नाही. वॉटरस्टनने स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती.

आज त्या परीक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांची बाजूही पाहू. ते अडाणी नव्हते. उभ्या कणांच्या चित्रातूनही बॉईलचा नियम निघत होता आणि त्यावर न्यूटनचे नाव होते. उलट हा अनोळखी मनुष्य, दूर मुंबईत बसलेला, म्हणत होता की रेणू अखंड आदळत राहतात आणि कधीच मंदावत नाहीत. रोजच्या अनुभवात उडवलेला चेंडू दोन-चार टप्प्यांत थांबतो. मग हे कण थांबत कसे नाहीत? डोंबिवलीच्या त्या मुलीला पडलेली शंका आणि या विद्वानांची अडचण फार वेगळ्या नव्हेत. फरक एवढाच की मुलीने प्रश्न विचारला आणि परीक्षकांनी शेरा मारला.

विज्ञान अर्थातच थांबले नाही. १८४८ साली जूलने हेरापथच्या पद्धतीने हायड्रोजनच्या रेणूचा वेग काढला. १८५६ मध्ये क्रोनिग आणि १८५७ मध्ये क्लॉसियस यांनी गतिमान रेणूंची उपपत्ती मांडली, १८६० मध्ये मॅक्सवेलने रेणूंचे वेग कसे विभागलेले असतात हे दाखवले. जे मुंबईत लिहून झाले होते त्यातले पुष्कळसे युरोपात पुन्हा शोधले गेले. वॉटरस्टन १८५७ साली स्कॉटलंडला परतला. अधूनमधून लेख लिहीत राहिला, पण विद्वत्संस्थांपासून दूरच. १८ जून १८८३ रोजी तो घरातून फिरायला बाहेर पडला आणि परत आलाच नाही.

१८५८ साली त्याने ध्वनीवर एक लेख लिहिला होता आणि त्यात आपल्या जुन्या निबंधाचा उल्लेख केला होता. हा लेख लॉर्ड रॅलेच्या वाचनात आला. रॅले तेव्हा रॉयल सोसायटीचा सचिव होता. १८९१ साली त्याने दप्तरखान्यातून मूळ हस्तलिखित शोधून काढले आणि १८९२ साली ते सोसायटीच्या नियतकालिकात छापवले. त्यात चुका नव्हत्या असे नाही, विशिष्ट उष्णतेच्या एका हिशेबात आकडेमोड चुकली होती. तरीही हा निबंध वेळेवर छापला असता तर हा विषय दहा-पंधरा वर्षे आधी पुढे सरकला असता, असे रॅलेने प्रस्तावनेत नमूद केले. त्यासोबत त्याने तरुण संशोधकांना सल्लाही दिला, की नाव नसेल तर धाडसी कल्पना घेऊन थेट मोठ्या संस्थेकडे जाऊ नये. हा सल्ला व्यवहाराचा खरा, पण वाचून मन खट्टू होते.

मग गर्दीची उपमा कुठे लावायची?

परत वर्गात येऊ. गच्च लोकलची उपमा चूक आहे हे मुलांना सांगून उपयोग नाही, ते त्यांच्या हाताला कळले पाहिजे. दोन सिरिंजा घ्याव्यात, अर्थात सुईशिवाय. एकीत हवा १० मिलिलिटरपर्यंत घ्यावी, दुसरीत तितकेच पाणी. तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबावा. हवा जोर लावला की निम्म्या जागेत मावते, सोडली की दट्ट्या परत येतो. सामान्य १० मिलिलिटरच्या सिरिंजला यासाठी दीड-दोन किलो वजनाइतका जोर लागतो. पाणी मात्र हलत नाही. आता विचारावे, सकाळच्या लोकलमधली माणसे अर्ध्या डब्यात मावतील का? मुले लगेच म्हणतात, लोकल पाण्यासारखी आहे, हवेसारखी नाही. अगदी बरोबर. द्रवात रेणू एकमेकांना खेटून असतात. हवेत रेणूंची स्वतःची जागा एकूण जागेच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, बाकी सारा मोकळा अवकाश.

तरी गर्दीची उपमा टाकून देऊ नये, तिची योग्य जागा वेगळी आहे. रेणू सेकंदाला ५०० मीटर धावतात, तर मग वर्गाच्या एका कोपऱ्यात लावलेल्या उदबत्तीचा वास दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचायला इतका वेळ का लागतो? हा आक्षेप डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट याने क्लॉसियसच्या उपपत्तीवर घेतला होता. १८५८ साली क्लॉसियसने उत्तर दिले: रेणू सरळ जाऊच शकत नाही. क्षणाक्षणाला दुसऱ्यावर आपटून तो दिशा बदलतो. आजच्या मोजमापानुसार हवेतला रेणू एका मिलिमीटरच्या सुमारे १४ हजाराव्या भागाइतके अंतर जाताच आदळतो, सेकंदाला काही अब्ज वेळा. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर कितीही चपळ माणूस असला तरी त्याला पलीकडे जायला वेळ लागतो, तसेच हे. गर्दीची उपमा इथे चपखल बसते.

याच आक्षेपातून मॅक्सवेलला पुढचे सूत्र सापडले. वायू विरळ केला तरी त्याचे घर्षण, म्हणजे त्याची विष्यंदिता, बदलू नये, असे गतिमान रेणूंच्या गणितातून निघत होते. हे त्याला स्वतःलाही विचित्र वाटले. पत्नी कॅथरिनच्या मदतीने त्याने राहत्या घरी प्रयोग केले आणि १८६६ साली दाखवून दिले की ते खरे आहे. एकमेकांना रेटत उभ्या असलेल्या कणांच्या चित्रातून हे भाकीत निघाले नव्हते. बॉईलचा नियम दोन्ही चित्रांतून मिळत होता, पण नव्या प्रश्नाला उत्तर एकाच चित्राने दिले.

रेणू थकतात का?

उरला त्या मुलीचा प्रश्न. चेंडू थांबतो तेव्हा त्याची गती नाहीशी होत नाही. ती जमिनीच्या आणि चेंडूच्या रेणूंच्या हालचालीत वाटली जाते, जमीन किंचित तापते. रेणूला आपली गती देऊन टाकायला त्याच्याहून बारीक असे दुसरे कोणी नाही, तो देणार तर दुसऱ्या रेणूलाच. ट्यूबच्या रबराचे रेणूही हलत असतात. हवा आणि रबर एकाच तापमानाला असतील तर आदळणारे रेणू जेवढे देतात, तेवढेच सरासरीने परत मिळवतात. म्हणून ट्यूबमधला दाब टिकतो.

पण रबर थंड असेल तर? मग रेणू देतात अधिक आणि मिळवतात कमी. त्यांचा वेग उतरतो, हवा थंड होते, दाब घटतो. म्हणजे रेणू 'थकतात'! फुगवून तोंड बांधलेला फुगा बर्फाच्या पाण्यात धरला की आक्रसतो, तो यामुळेच. आणि थकण्याची दुसरी रीतही आहे. येणाऱ्या चेंडूला बॅट पुढे करून मारली तर तो अधिक वेगाने परततो. हात मागे घेत झेलला तर त्याचा वेग हाताला मिळतो. सायकलच्या पंपाचा दट्ट्या पुढे सरकत रेणूंना टोलवतो, म्हणून पंप गरम होतो. वाफेच्या इंजिनात दट्ट्या मागे सरकतो. त्यावर आदळलेले रेणू कमी वेगाने परततात, वाफ थंड होते, आणि त्यांनी गमावलेली गती दट्ट्यामार्फत चाकांना मिळते. १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली ती वाफेचे रेणू वाटेत थकत गेले म्हणूनच. ते थकले नसते तर गाडी बोरीबंदरलाच उभी राहिली असती.

पुढच्या वेळी त्या शाळेत गेलो तेव्हा आम्ही हे सारे बाईंना सांगितले. मुलगी तोपर्यंत दहावी होऊन शाळा सोडून गेली होती. बाईंनी मात्र एक नवी पद्धत सुरू केली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येत नाही, तो खोडायचा नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसायचा नाही. आम्ही गेलो त्या दिवशी त्या कोपऱ्यात तीन प्रश्न होते. त्यांपैकी एकाचे उत्तर आम्हालाही अजून शोधायचे आहे.